राखून ठेवलेली जागा

आमचे कुमरे भाऊ मेमरी लीकचा रिपोर्ट चपला काढून वाचतात. चंद्रपुरातल्या आमच्या छोट्या कचेरीत तांदूळ गिरण्यांच्या वजनकाट्यांचे प्रोग्रॅम लिहिले जातात, सी भाषेत. प्रोग्रॅमनं कॉम्प्युटरकडून मेमरीची जागा घेतली आणि परत केली नाही, की तपासणीचा रिपोर्ट तसं सांगतो. आम्ही तो वरून वाचतो आणि घाबरतो. भाऊ स्क्रीनला बोट टेकवून खालून वर वाचतात, सोयरीक जुळवायला बसल्यासारखे: हा कोणाचा, याला कोणी बोलावलं, यानं कोणाकडे मागितलं. त्यांच्या बोटांच्या ठशांतून स्वल्पविराम कुठला ते त्यांनाच दिसतं.

मी नवा असताना माझ्या प्रोग्रॅमचा रिपोर्ट आला: 'स्टिल रिचेबल', म्हणजे जागा परत आली नाही, पण तिचा पत्ता अजून कोणापाशी तरी आहे. माझं धाबं दणाणलं. धडधाकट ओळी खोडून पाहिल्या, जेवण सोडलं, शेवटी भाऊंना शरण गेलो. त्यांनी चपला काढल्या. बोट सावकाश वर सरकलं. माझ्या ओळीनं फक्त तारीख विचारली होती. जागा घेतली होती ती सिस्टिमच्या लायब्ररीनं, म्हणजे तिच्यातल्या तयार कोडनं, स्वतःसाठी.

"हे गेलं नाई गा, राखून ठेवलं हाय," भाऊ म्हणाले. "तुया हातात देल्लं असतं तं तुले सोडा लागलं असतं. लायब्ररीनं आपल्यापाशी ठेवलं, तू अजून तारीख इचारशीन म्हणून."

हे त्यांचं लाडकं वाक्य. डब्यातली उरलेली भाजी, कधीच न उघडलेली छत्री, सगळं 'राखून ठेवलं हाय'. मालक म्हणतात, असले इशारे सरसकट दाबून टाका. भाऊ आधी एकेकाची चौकशी करतात. ज्याचा पत्ता कोणापाशीच उरला नाही तेच खरं हरवलेलं, असं त्यांचं म्हणणं. मालक कपाळाला हात लावतात.

यंदा मोहफुलांच्या दिवसांत त्यांनी मला एटापल्लीकडच्या आपल्या गावी नेलं. पहाटेचं जंगल गोड वासानं पेंगुळलं होतं. धुक्यात बायका फुलं वेचत होत्या, स्वप्नातल्यासारख्या, आवाज न करता. इथे प्रत्येक घराचं झाड ठरलेलं. एका झाडाखाली मात्र कोणी नव्हतं. ते भाऊंच्या थोरल्या भावाचं, मंगरूचं. तो कामाला तेलंगणात गेला, त्याला बरीच वर्षं झाली. ना फोन, ना निरोप. यंदा ते झाड शेजारच्या घराला द्यायचं गावाच्या मनात होतं. त्या घरात खाणारी तोंडं वाढली होती, गावाचंही काही चुकत नव्हतं.

भाऊ खराट्यानं झाडाखालचा पाला लोटू लागले. फुलं त्यांच्या पाठीवर टपटपत होती. त्याच शेजारच्या घरातली म्हातारी टोपली घेऊन आली आणि म्हणाली, आता सोडून दे बाबा. भाऊंनी खराटा टेकवला. फुलं सगळी तुम्हीच न्या, म्हणाले, पण झाड त्याच्याच नावानं राहू द्या.

मी भाऊंना हळूच विचारलं, ते खरंच येतील?

"मले का मालूम," भाऊ म्हणाले. "पण आला, अन् आपल्या झाडाले दुसऱ्याचं नाव आयकलं, तं तो घरी न येताच वापस जाईन."

म्हातारी खाली बसून फुलं वेचू लागली. तेवढ्यात पलीकडच्या झाडाखालून कोणीतरी तिला विचारलं, मिळालं का झाड?

"नाई," ती म्हणाली. "मंगरूचं हाय. तो येईपर्यंत मी वेचून राह्यली."