साहेब ओढा बघायला आले

"दिवाळीच्या आत त्या कारखान्याला टाळं लावलं न्हाई, तर नावाचा मुंजाजी न्हाई!"

असं म्हणून मुंजाजीने दाव्याला हिसका दिला. दाव्याच्या दुसऱ्या टोकाची शेळी मटकन खाली बसली. तिला उभंच राहवत नव्हतं. ती प्यायलेली होती!

कारखाना सीताफळाचा गर काढायचा. पाटोद्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. गर शहरातल्या आइस्क्रीमवाल्यांकडे जायचा आणि साली धुतलेलं पाणी ओढ्यात यायचं. उन्हात ते आंबायचं, फेसाळायचं, आणि ते पिऊन मुंजाजीच्या शेळ्या अशा झुलत घरी यायच्या, की वाटावं एखाद्या वरातीतून परतल्या आहेत. गाव पोट धरून हसायचं. मुंजाजीला हसू येत नव्हतं. त्याची दोन करडं मेली होती आणि ओढ्याकाठच्या विहिरीला शिळ्या ताकाचा वास सुटला होता. त्याची बायको सारजाबाई पाणी गाळायची, उकळायची, पुन्हा गाळायची. वास जागचा हलत नव्हता.

"टाळं कोण लावणार? तुमी?" सारजाबाईने विचारलं.

"साहेब लावणार. मी फकस्त साहेबाला आणणार!"

दुसऱ्या दिवशी मुंजाजी धुतलेला सदरा घालून जिल्ह्याच्या गावी गेला. नद्या-ओढ्यांचं पाणी तपासणाऱ्या ऑफिसात साहेब सापडले, हेच त्याला अर्धं काम झाल्यासारखं वाटलं.

"त्या कारखान्याला सूट आहे," साहेब म्हणाले.

"कशाची?"

"परवानगीची. लहान उद्योग आहे तो."

"म्हंजे घाण पाणी सोडायची परवानगी न्हाई त्यांच्याकडं?"

"नाही."

"मंग सोडतेत कावून?"

"अहो, नाही म्हणजे लागतच नाही! जी परवानगी त्यांनी घेतलीच नाही, ती मोडली असं मी कसं म्हणू?"

मुंजाजीचं डोकं रहाटासारखं गरगरलं. कडेला शेळीसारखं बसावं असं त्यालाही वाटलं. पण तो चिवट.

"साहेब, ही सूट कवा मोडतच न्हाई का?"

"मोडते की. पाणी ओढ्यात येताना मी डोळ्यांनी पाहिलं, बाटलीत नमुना भरला, तो खराब निघाला, तर मोडते."

"मंग या की बघायला!"

आणि काय नवल, साहेब चक्क हो म्हणाले! सोमवारी येतो म्हणाले!

मुंजाजी गावात आला तो तरंगतच. पारावर त्याने सगळ्यांना ऐकवलं, "सोमवारी जिल्ह्याचे पाणीवाले साहेब येणार, माझ्या शब्दावर! पण कशाला, ते न्हाई सांगणार." कारखान्याच्या मालकाला सुगावा लागू नये म्हणून ही हुशारी. इथेच सगळं बोंबललं.

सरपंच परमेश्वर विचारात पडला. साहेब, तोही जिल्ह्याहून, आणि पाणी बघणारा? म्हणजे स्वच्छ गावाचं बक्षीसच की!

सोमवारी सकाळी मुंजाजी साहेबांना आणायला पाटोद्याला गेला. इकडे परमेश्वरने जेसीबी बोलावून ओढ्यातला गाळ उपसला. कारखान्याच्या मालकाला म्हणाला, गावाच्या इज्जतीसाठी एक दिवस मशीन बंद ठेवा. मालक आनंदाने तयार झाला, वर त्याने चार टँकर चांगलं पाणी ओढ्यात सोडून दिलं. राहिलेल्या वासावर परमेश्वरने पोत्याने जंतुनाशक टीसीएल पावडर मारली. ती मुंजाजीच्या विहिरीतही मारली, कारण विहीरही गावाचीच!

मुंजाजी साहेबांना घेऊन आला, तर ओढा आरशासारखा. काठावर रांगोळी. पिपाणी वाजायला लागली.

"हाच तो ओढा?" साहेबांनी विचारलं.

"हाच... पर हा न्हाई, साहेब! कालचा बघा! काल लई घाण व्हता!"

"कालचा नमुना आज कसा भरू?"

साहेबांनी बाटली भरली, उजेडात धरली आणि मान डोलवली. मुंजाजी परमेश्वरकडे वळून ओरडला, "काय केलंस बे हे?"

"आबा, उपकार मानू नका," परमेश्वर लाजत म्हणाला. "गावासाठी येवढं करावंच लागतं."

मुंजाजीने पडल्या चेहऱ्याने साहेबांना घरी चहाला नेलं. पण सारजाबाई हरणारी नव्हती. कालचं विहिरीचं पाणी हंड्यात शिल्लक होतं. त्याचाच चहा करून तिने साहेबांपुढे ठेवला. पहिल्या घोटालाच साहेबांचे डोळे पांढरे झाले.

"कसा लागला?" सारजाबाईने विचारलं. "भरा आता नमुना!"

गाल फुगवून साहेब घरामागे चूळ टाकायला पळाले. मुंजाजीला वाटलं, जिंकलो! पण बराच वेळ झाला तरी साहेब येईनात. तो मागे गेला, तर साहेब शेळ्यांच्या गोठ्यापाशी वाकून उभे.

"हे लेंड्यांचं पाणी कुठे जातं?"

"ओढ्यात."

"सरळ ओढ्यात? आणि परवानगी?"

"परवानगी?" मुंजाजी हसायला गेला. "शेळ्याला कुठली परवानगी, साहेब? लहान माणूस मी. मला सूट आसंल की!"

"सूट उद्योगाला असते. उद्योग म्हणून नोंद आहे तुमची?"

"न्हाई."

"मग कसली सूट?" साहेब हळू आवाजात म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "आणि चहाचं म्हणाल, तर त्यात दूध आहे, साखर आहे, आलं आहे. नमुना पाण्याचाच लागतो. गोठा ओढ्यापासून लांब न्या. मी डोळ्यांनी पाहिलंय, मला सोडता येणार नाही."

शाल, नारळ घेऊन साहेब गेले. मंगळवारी पहाटे कारखान्याची मशीन सुरू झाली आणि उन्हं वर यायच्या आत ओढा पांढरा फेसाळ वाहायला लागला. मुंजाजी आणि सारजाबाई गोठ्याची लाकडी मेढ खांद्यावर घेऊन डोंगर चढत होती. पुढे तो, मागे ती. अर्ध्यावर मुंजाजी थांबला. त्याने नाक वर करून वारा हुंगला.

"सारजे, इथवर वास येतोय का गं?"

"येतोय की," सारजाबाई खांदा बदलत म्हणाली. "त्यालाबी सूट हाय."