वाळवंटी ब्रश

"येलकेन बेट आजपासून संपूर्णतः स्वच्छ विजेवर चालते," असे ऊर्जा संचालनालयाच्या पत्रकात छापले आहे. या विधानातला 'बेट' हा शब्द निर्विवाद आहे. चारही बाजूंना समुद्र आहे, मी स्वतः पाहिला आहे. उरलेल्या शब्दांविषयी मात्र मला थोडे निवेदन करायचे आहे!

मी विद्यापीठात ऊर्जाधोरण शिकवतो. उपरोध हे माझे हत्यार आहे, आणि त्यापुढे कोणताही अधिकारी टिकत नाही, अशी माझी समजूत होती.

चिलीच्या उत्तरेला अटाकामाचे वाळवंट. तिथे भर दुपारी उन्हापासून इतकी वीज होते की तिला गिऱ्हाईक मिळत नाही. दक्षिणेला आमचे येलकेन. इथे वीज पिंपांत भरून होडीने येते आणि तिला डिझेलचा वास असतो. राजधानीत या दोहोंची सरासरी काढतात आणि देश स्वच्छ झाल्याचे जाहीर करतात.

ही सरासरी काढणारे संचालक गास्पार एचेनिके उद्घाटनासाठी विजेवर चालणाऱ्या बोटीतून आले. पाऊस आडवा कोसळत होता. म्हणजे हवा नेहमीसारखीच होती. टेकडीवर सोलर पॅनेलच्या रांगा, आणि प्रत्येक रांगेवर एक स्वयंचलित ब्रश. काचेवर काही पडले की तो धावतो आणि पुसतो.

"हा काय पुसतोय?" एर्सिरा मावशीने विचारले. बेटाचे शीतगृह तीच सांभाळते; आत साऱ्या गावाचे हंगामभराचे शिंपले.

"धूळ, बाई!" साहेब अभिमानाने म्हणाले.

"धूळ? इथं? अहो, इथं माणसांवर शेवाळ चढतं!"

ब्रश थेंब पुसत होता, नवा थेंब पडत होता, ब्रश पुन्हा धावत होता. कुलगुरूंची तसबीर पुसावी तशी त्याची निष्ठा! ढगांमधून जेवढी वीज ठिबकत होती, तेवढी तोच पिऊन टाकत होता.

तेवढ्यात साहेबांनी डिझेलचा जनरेटर बंद करवला आणि त्याच्या लोखंडी दाराला सरकारी कुलूप ठोकले.

"अहो, माझे शिंपले!" मावशी ओरडली.

"त्यांना आता सूर्य सांभाळेल."

मला राहवले नाही. अत्यंत थंड स्वरात मी म्हणालो, "एवढी खात्री आहे, तर किल्ली समुद्रातच फेकून द्या ना!"

"वा, प्रोफेसर! काय कल्पना आहे!" असे म्हणून साहेबांनी छायाचित्रकाराला हाक मारली, आणि खरोखरच फेकली!

"तुला तोंड उघडायला कुणी सांगितलं होतं रे?" मावशी माझ्यावर कडाडली.

"मावशी, तो उपरोध होता."

"मग बुडी मार आणि काढून आण तुझा उपरोध!"

दुपारी शीतगृहाच्या दाराखालून पाणी वाहू लागले. मावशीने खड्डा खणवला, लाकडे पेटवून दगड तापवले आणि बर्फ वितळलेल्या पेट्यांतल्या शिंपल्यांचा कुरांतो, म्हणजे आमची खड्ड्यात शिजवायची मेजवानी, रचला. धूर सरळ जाऊन 'कार्बनमुक्त बेट' या फलकावर बसला. साहेब मागून मागून जेवले.

"उरलेल्या पेट्या संध्याकाळपर्यंत टिकायच्या नाहीत," मावशी म्हणाली. "कुलूप तोडू का?"

"सरकारी कुलूप आहे, बाई! गुन्हा दाखल होईल," साहेब ओठ पुसत म्हणाले.

इतक्यात त्यांचा नावाडी धापा टाकत आला. "साहेब, बोटीची बॅटरी संपली! चार्ज करायला टेकडीवरच्या तारेला जोडली होती. ब्रशनं उलट बोटीतलीच वीज ओढून घेतली!"

साहेबांनी ब्रशकडे पाहिले, मग समुद्राकडे, मग मावशीकडे. तिच्या हातात कुऱ्हाड होती.

"आधी काय ते मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "आमचा प्रोफेसर लिहून घेईल. त्याला तेवढंच जमतं."

मी लिहून घेतले. संचालक महाशयांचे निवेदन शब्दशः असे:

"आराखडा वाळवंटाचाच होता हो, मी फक्त वरचं नाव बदललं. तोडा ते कुलूप, डिझेल सुरू करा. आधी तुमचे शिंपले, मग माझी बोट. फक्त जनरेटर फोटोत येऊ देऊ नका, एवढी कृपा करा."