नाव घेणारा कुकर

पक्षाने वाटलेल्या वस्तूने देणगीदाराचं नाव उखाण्यात घ्यायचं असा नियम लागू झाला, आणि वैजयंताच्या घरातला कुकर शिट्टी सोडून नाव घ्यायला लागला.

“चांदीच्या वाटीत साखरेचे खडे, हणमंतशेठ म्हणतात टेंडर आमच्याकडे.”

हणमंतशेठ म्हणजे खडी क्रशरवाले. कुकरचा आवाज लाजरा होता, पण शब्द स्वच्छ. शेजारच्या इंदूकाकूंना विरोधी पक्षाने पंखा दिला होता. तोही हणमंतशेठांचंच नाव घ्यायचा, उखाणा तेवढा निराळा.

“नवरा एक आणि बायका दोन,” काकू म्हणायच्या. “आपल्याला काय, वारा लागल्याशी कारण.”

पण वैजयंताच्या जिवाला घोर होता. तिची शरू अजून बोलत नव्हती. पहिला शब्द ‘आई’ निघावा म्हणून वैजयंता दिवसभर तिच्यापुढे “आई, आई” करायची आणि शरू कुकरकडे बघायची. उखाणा झाला की मगच घासाला तोंड उघडायची. परवा तर वाफ सुटताच ती “ह... ह...” करायला लागली, आणि वैजयंता सासूबाईंकडे धावली.

“अहो आई, हिचा पहिला शब्द हणमंतशेठ निघाला तर?”

“लोक नाही नाही ते बोलतील,” सासूबाई म्हणाल्या. “जा, पावती फाडून आण.”

नियमात तशी सोय होती. पक्षाने देणाऱ्याची पावती फाडून नाव चावडीच्या फळ्यावर लिहिलं, की वस्तू गप्प होत असे.

एका काखेत शरू, दुसऱ्या काखेत कुकर घेऊन वैजयंता पक्षाच्या कार्यालयात गेली. खजिनदार दिगंबरकाका चहा पीत होते.

“काका, हणमंतशेठांची पावती फाडा.”

“कोण हणमंतशेठ?”

काका बसले होते ती खुर्ची लाजत म्हणाली, “अंगणात तुळस, तुळशीला पार, हणमंतशेठांच्या जिवावर टेकलाय खजिनदार.”

काका उठून उभे राहिले. “हे बघ पोरी, ते गुप्तदान आहे.”

“गुप्तदान देवाला करतात, काका. आणि गुप्त कसलं? माझी डाळ शिजायला लागली की सगळ्या आळीला कळतं. पावती फाडा.”

“शेठना पावती नको असते.”

“मला पाहिजे. पावती फाडा.”

“तू डाळ पातेल्यात शिजव ना.”

“मऊ होत नाही. पोरीच्या घशात अडकली तर? तुम्ही येणार का पाठ थोपटायला? पावती!”

“अगं, पक्षाची काही शिस्त...”

“पावती!”

“उद्या ये.”

“पावती,” शरू म्हणाली.

चहाची किटली नाव घेणार होती, तीही थांबली. वैजयंताने लेकीच्या तोंडाकडे बघितलं. शरूने हात पुढे केला आणि पुन्हा स्पष्ट म्हणाली, “पावती.”

दिगंबरकाकांनी भिंतीवरची नियमांची पाटी वाचली. सज्ञान माणसाला उद्या बोलावता येत होतं. लहान मुलाचा पहिला शब्द मात्र टाळता येत नव्हता, त्याची तिथल्या तिथे पूर्तता करावी असं लिहिलं होतं. काकांनी कपाटातून कोरं पावतीपुस्तक काढलं, धूळ झटकली आणि शेठची पावती फाडून शरूच्या मुठीत दिली. नाव फळ्यावर गेलं. खुर्ची गप्प झाली. काका मात्र परत तिच्यावर बसायला धजले नाहीत.

संध्याकाळी कुकरने साधी शिट्टी दिली. वैजयंताने डाळभात कालवला, घास पुढे केला. शरूने तोंड मिटून घेतलं.

“आता हिला काय पाहिजे?” वैजयंता रडकुंडीला आली.

शरूने हात पुढे केला.

वैजयंताने जुन्या वर्तमानपत्राचा कपटा फाडून तिच्या तळहातावर ठेवला. शरूने तो उलटसुलट करून पाहिला आणि आ केला. दुसऱ्या घासाला दुसरा कपटा लागला.

“‘आई’ नाहीच म्हणाली हो,” वैजयंता पुटपुटली.

“म्हणेल. परक्या माणसाचं नाव तर नाही ना निघालं?” सासूबाई पदराने शरूचं तोंड पुसत म्हणाल्या. “आणि जरा बेताने फाड गं. पावतीची स्थळप्रत आपल्याकडे राहायला पाहिजे.”