दुर्बिणीतून ऑपरेशन

आमचे शेजारी वामनभाऊ फाटकात उभ्या असलेल्या माणसाकडेसुद्धा दुर्बिणीतून पाहतात. मी विरजण मागायला वाटी घेऊन चार हातांवर उभा असतो आणि ते भिंग फिरवत विचारतात, "कोण आहे बे? हां, गुरुजी! या ना, या."

आलापल्लीच्या सागवनात त्यांनी जन्मभर वनरक्षकाची नोकरी केली. निवृत्त झाल्यावर खाकी सुटली, पण गळ्यातली दुर्बीण सुटली नाही. आवाजही जंगलातलाच राहिला. फाटकाशी उभे राहून, मान मागे टाकून ते "शेवंतेऽऽ" अशी आरोळी ठोकत, तेव्हा आमची मांजर कपाटाखाली पळे. समोर स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या पत्नी शेवंताबाई उत्तर देत, "आली!"

बाईंना ऐकू येत नाही. आमचं त्यांच्याशी सगळं हातवाऱ्यांनी चालतं. पण वामनभाऊ छाती फुगवून सांगत, "साऱ्या दुनियेत तिले एक माहाच आवाज आयकू येते."

यंदा तोच आवाज बसला. मी त्यांना चंद्रपूरला घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, स्वरयंत्रावर गाठ आहे. साधी आहे, कॅन्सरची नाही. बाहेरून चिरायचंही काम नाही, दुर्बिणीतून काढू.

वामनभाऊंनी गळ्यातली दुर्बीण काढून टेबलावर ठेवली आणि ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हे घ्या साहेब, एक नंबर आहे. पण करता किती दुरून?"

डॉक्टरांनी हसू आवरत तोंडातून घालायची बारीक नळी दाखवली. भाऊ हिरमुसले. "मंग इले दुर्बीण काऊन म्हणता?"

बाहेर आल्यावर मात्र त्यांनी माझा हात घट्ट धरला. "गुरुजी, माहा आवाज गेला त तिले काईच आयकू नाई येणार ना."

गाठ नीट निघाली. काही दिवस एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही, अशी ताकीद मिळाली. गल्ली सुनीसुनी वाटू लागली. एका सकाळी भाऊ सवयीनं फाटकाशी उभे राहिले, मान मागे टाकली, तोंड उघडलं आणि ताकीद आठवून तसंच मिटलं.

खिडकीतून उत्तर आलं, "आली!"

भाऊ कितीतरी वेळ त्या खिडकीकडे बघत राहिले. दुर्बीण गळ्यातच होती. ती उचलायचंही त्यांना सुचलं नाही.

आता आवाज पहिल्यासारखा झालाय आणि आरोळ्याही सुरू झाल्यात. परवा न राहवून मी म्हटलं, "भाऊ, घशाला जपा. त्या तुमची नुसती मान बघून ओळखतात. कळलंय ना आता तुम्हाला?"

त्यांनी घाईनं खिडकीकडे पाहिलं आणि मला हाताला धरून बाजूला ओढलं.

"हळू बोला ना गुरुजी," ते कुजबुजले, "मले समजलं हे तिले आयकू जाईन."