लंगोट सुटेपर्यंत

मल्लाप्पाअण्णा बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. समोरच्याच्या कपड्याचं टोक दोन बोटांत धरायचं, चुरगाळायचं, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचा, "अजून सा म्हैनं वापरा. मग ह्येची बाळुती झ्याक हुतील." समोर भाजीवाली असो, देवळातला पुजारी असो, त्यांना फरक पडत नसे. एका लग्नात त्यांनी नवरदेवाचं कोरं जरीचं उपरणं असंच चाचपलं आणि हेच वाक्य सांगितलं. मंडळी म्हणाली, आशीर्वादच समजा. पण नवरदेवाच्या आईनं पुढं वर्षभर अण्णांना तोंड दाखवलं नाही.

गंमत म्हणजे हे अण्णा स्वतः विणकर. बेळगावच्या शहापुरात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. घर म्हणजे एक माग आणि त्या मागानं दया करून सोडलेली जागा. नवी लुगडी विणून पोट भरणारा हा माणूस नव्या कापडाला मात्र नाक मुरडायचा. "नवं कापड म्हंजी नवी सून. टोचतंयच," असं ते माझ्या दारात उभं राहून म्हणाले, तेव्हा माझी नवी सून माझ्या मागंच उभी होती. त्या दिवशी आमच्याकडं आमटीत मीठ नव्हतं.

हे वेड काही त्यांना जन्मापासूनचं नव्हे. बायको प्लेगात गेली, गावाबाहेरच्या झोपड्यांत. एकुलती लेक तारा, तिला वाढवली अण्णांच्या आईनं. त्या काळचा पुरुष. लेक कोरडी आहे याची आधी खात्री करून घ्यायची आणि मगच तिला मांडीवर घ्यायची, इतपतच त्यांचं बापपण. तारा उचगावला दिली. तिथंही माग होता आणि थोडी शेती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून ती शहापुरात आली, मुलगी झाली आणि बारशाच्या आत तारा तापानं गेली. अण्णांची आईही तोवर राहिली नव्हती. त्या घरात मग दोघंच उरली, अण्णा आणि ती तान्ही गौरा.

ताराचे दिवस झाले तेव्हा उचगावची माणसं आली. जावई परशराम मान खाली घालून बसला होता. बोलली ती त्याची आई. "पोरगी आमचीच हाय, न्हाय म्हणत न्हाय. पण आमच्यात तिची बाळुती कोण धुणार? लंगोट सुटला की न्हेतो." अण्णांनी मान हलवली. गल्लीतल्या आम्ही बायकांनी त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं की हा पुरुषमाणूस दोन महिने काही काढत नाही, पोर उचगावला पोचती करून मोकळा होईल.

पहिल्या आठवड्यात तर आमचंच खरं होणार असं दिसलं. समोरच्या घरची लेकुरवाळी गौराला पाजून जायची, पण पोर पोटभर दूध पिऊनही रडायची. शेवटी मी जाऊन बघितलं. बूड लालभडक. मी बाळुतं उचललं तर ते हातात ताठ उभं राहिलं.

"अण्णा, ह्येला काय लावलंयसा?"

"खळ."

जन्म गेला होता माणसाचा सूत धुण्यात आणि त्याला तांदळाची खळ देण्यात. बाळुती धुतली, तीही सवयीनं खळीतून काढली. वर मलाच विचारतात, "खळीबिगार कापडाला अंग कसं येणार, आक्का?"

"आदी पोरीला अंग येऊ दे," मी म्हटलं आणि सगळी बाळुती विहिरीवर नेऊन खळखळून आणली. अण्णा माझ्याबरोबर आले होते. ओल्या कापडावरून ते कितीतरी वेळ अंगठा फिरवत बसले. खळ निघून गेल्यावर कापड कसं होतं, ते त्यांनी बहुधा तोवर बघितलंच नव्हतं.

तिथून ते बिघडले. आमच्याकडं तान्ह्या बाळाच्या अंगाला नवं लावत नाहीत, आणि जुनं लावायचं तर दीर्घायुषी बाईचं लावतात, म्हणजे तिचं आयुष्य बाळाला लागतं. गल्लीत सगळ्यांत म्हाताऱ्या आमच्या सासूबाई. अण्णा रोज सकाळी येऊन पायरीवर बसायचे आणि अदबीनं विचारायचे, "आज्जी, ह्ये लुगडं कवा सोडणार?" लुगडं सासूबाईंच्या अंगावर होतं. त्यांनी अण्णांना काठी दाखवली. पण पुढच्या सणाला नवं नेसल्या आणि जुनं स्वतः फाडून पाठवून दिलं. म्हणाल्या, मेल्यानं माझ्या मरणावर डोळा ठेवायच्या आत दिलेलं बरं.

विलायती कापडाच्या होळीची गोष्ट तर आमच्या गल्लीत अजून सांगतात. खादीवाली तरुण मंडळी घरोघर फिरून कपडे गोळा करून गेली. चौकात ढीग रचला, भाषणं झाली. काडी लागणार इतक्यात कडेवर गौराला घेऊन अण्णा ढिगाशी गेले आणि त्यातून एक जुनं मलमलीचं धोतर ओढून काढू लागले. पुढारी तापले. "अहो, ते परकं आहे, पाप आहे." अण्णांनी धोतर दोन बोटांत चुरगाळलं. "पाप आसंल. पर लई मऊ हाय. पोरगी ह्येच्यावर मुततीया, आजून काय इज्जत घ्यायची ऱ्हायली त्येची?" सभा हसली. मग पुढाऱ्यालाही हसावं लागलं, आणि धोतर अण्णांकडंच राहिलं. त्यांनी लगेच पुढाऱ्याच्या खांद्यावरच्या खादीलाही हात लावून बघितला आणि वाईट वाटून मान हलवली.

बेळगावचा पावसाळा ज्यांनी काढलाय त्यांना ठाऊक आहे, इथं महिनामहिना काहीही वाळत नाही. अण्णा बाळुती मागावर वाळवायचे, अर्ध्या विणलेल्या लुगड्याच्या वर दोरी बांधून. व्यापाऱ्यानं एक लुगडं नाकाशी नेलं आणि तसंच परत केलं. अण्णा त्याला म्हणाले, "नेसणारीला पोरं न्हाईत व्हय?" त्या पावसात त्यांना दुसरं काम मिळालं नाही. ते एक वेळ जेवायचे. मी भाकरी पाठवली तर गौराला भरवायचे आणि मला सांगायचे की चांगली होती.

पोर रांगायला लागली आणि बाळुत्यांचा जमाना संपून नाडीच्या लंगोटाचा आला. ती नाडी अण्णा बांधायचे ती विणकराची गाठ. तुटलेलं सूत जोडताना मारतात ती, बारीक आणि चिवट. दुसऱ्या कुणाच्या बापाला ती सुटायची नाही. गौरा माझ्याकडं खेळायला असताना तिला शू लागली की मला ती तशीच उचलून मागापाशी पळावं लागे, आणि बहुतेक वेळा पोचायच्या आत निकाल लागलेला असे. मी चिडून म्हणायचे, "साधी गाठ मारा की." ते म्हणायचे, "साधी सुटतीया, आक्का."

दिवस गेले. गौरा चालायला लागली, पळायला लागली, चुरूचुरू बोलायला लागली. आमच्या गल्लीतली तिच्या वयाची पोरं झबल्यावर, खाली उघडीच हिंडायची. कुणाला त्याचं काही नसे. एकटी गौरा लंगोटात. जत्रेला लंगोट, कीर्तनाला लंगोट. दर सणाला परशराम यायचा. त्यानं दुसरं लग्न केलं होतं. माणूस वाईट नव्हता, पोरीसाठी बत्तासे आणायचा. निघताना विचारायचा, "सुटला का लंगोट?"

"कुटलं? पोरीला आजून कळत न्हाय," अण्णा सांगायचे.

मलाही ते खरंच वाटायचं. मी तीळ चारायला सांगितले, एक अंगारा आणून दिला. अण्णा सगळं ऐकून घ्यायचे आणि मला लवून नमस्कार करायचे. मला वाटायचं, बिचारा किती काढतोय, एकदाची सुटका होऊ दे याची.

एका दुपारी मी परसात धान्य निवडत बसले होते. कुंपणापलीकडं गौरा आली. इकडंतिकडं बघितलं. मग खाली मान घालून तिनं इवल्या बोटांनी ती विणकराची गाठ सोडली, जी मला कधी सुटली नव्हती. कोपऱ्यात जाऊन बसली, डब्यातलं पाणी घेतलं, स्वच्छ झाली. परत येऊन लंगोट लावला आणि तीच गाठ तशीच मारली. मागाशी बसून आजोबाचे हात बघत वाढलेली पोर ती.

मी तशीच उठून अण्णांकडं गेले. "अण्णा, पोरीला कळतंय."

माग थांबला. "व्हय."

"कवापास्नं?"

"लई दीस झालं."

"मग उचगावला सांगायचं न्हाय व्हय?"

अण्णांनी त्या दिवशी माझ्या पदराला हात लावला नाही. सरळ माझ्या तोंडाकडं बघितलं. "आक्का, लंगोट हाय तवर ती माझी हाय. तुमी बोलू नका." एवढं बोलून त्यांनी मागावरचा धोटा उचलला. मला राग आला होता, तो कुठं गेला कळलं नाही. इतकी वर्षं त्या माणसाला मी हसत होते. त्याला किती भीती वाटत होती ते मला त्या दुपारी दिसलं, आणि मी कुणाजवळ काही बोलले नाही.

पण लपवालपवी पोरांपुढं चालत नाही. गल्लीतली पोरं गौराला खेळात घेईनात. "लंगोटी आली, वास आला," म्हणून नाक धरायची. एकदा ती रडत घरात गेली. मी दारातच होते. ती मागाला टेकून उभी राहिली आणि विचारलं, "आज्जा, मी घाण हाय?"

अण्णांनी धोटा खाली ठेवला. मग मागावरून उतरले, तिच्यापुढं बसले आणि ती गाठ सोडली. त्याच आठवड्यात बाजाराला आलेल्या एका उचगावकराजवळ त्यांनी परशरामला निरोप धाडला.

परशराम बैलगाडी घेऊन आला. त्यानं नेहमीचं विचारलं, "सुटला का, अण्णा?"

"कवाच सुटलाय," अण्णा म्हणाले. "मीच सोडला न्हाय."

परशराम समजला. वाकून सासऱ्याच्या पाया पडला.

गौराला मी परकर-पोलकं घातलं आणि गाडीत बसवलं. ती आधी खुशीत होती, बैलांची घुंगरं ऐकत होती. अण्णा गाडीत नाहीत हे तिच्या ध्यानात आलं गाडी हलल्यावर.

"आज्जा, शू."

परशरामनं गाडी थांबवली. अण्णा तांब्या भरून घेऊन गेले, तिला उतरवली, कडेला बसवली, पाय धुतले, पुन्हा चढवली. गाडी चार पावलं गेली, तर परत हाक. "आज्जा, शू." आता काही आलेली नव्हती, ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं. तरी अण्णांनी तिला उतरवली आणि काही येतंय की काय अशी वाट बघत तिच्यापाशी बसून राहिले. परशराम बैलांच्या मानेवरून हात फिरवत उभा होता. त्यानंही घाई केली नाही.

तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा परशराम हळूच म्हणाला, "अण्णा, आता वाटंत मी बसवतो," आणि त्यानं बैलांना हाकारलं. अण्णा तांब्या भरून चार पावलं पुढं आले होते, तिथंच थांबले. दारादारांत बायका डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या, मीही होते. गाडी गल्लीच्या टोकाला गेली, वळली, दिसेनाशी झाली. गौराची हाक मात्र येत होती, आणि भरला तांब्या हातात धरून, जागेवरून न हलता, अण्णा दर हाकेला म्हणत होते, "आलो गं."