सुरीच्या टोकाला लिंबू

"जंगलात माणसाले दोनच वस्तू लागतात. पाय आणि सुरी!"

तिलक टेंभरेनं राईस मिलच्या वजनकाट्याजवळ उभं राहून हे जाहीर केलं, तेव्हा ऐकायला एकटा इंद्रकुमार होता. तो गाडीतल्या मालाची बिल्टी लिहीत होता. मान वर न करताच म्हणाला, "पाय दोन असतात. तीन वस्तू झाल्या."

तिलक म्हणजे मिलचा मुनीम. चाळिशी ओलांडलेली, लग्न राहून गेलेलं. मागच्या साली माय गेली, तेव्हापासून घरी बोलणारा एकटा टीव्ही! त्याचाही रिचार्ज संपला की घर एवढं शांत व्हायचं की नळ ठिबकला तरी तिलकला सोबत वाटायची. मग एक दिवस त्याच्या मनानं घेतलं, गोंदियाहून कचारगडच्या गुहेपर्यंत पायी जायचं. वाटेत गावोगावी मुक्काम करत, झाडं-पाखरं बघत. फक्त कोणीतरी बरोबर हवं.

त्यानं मिलमधल्या एकेकाला विचारून पाहिलं. इंद्रकुमारचा गुडघा दुखत होता. फिटरच्या साळीच्या पोराचं बारसं होतं. सेठजी तर पोट धरून हसले. "अरे भाई, ट्रेन जाती है ना!"

सोबती मिळेना, तेव्हा तिलकनं सगळं लक्ष सुरीवर लावलं. अहो, लोक मुलगी बघतात ना, तशी त्यानं सुरी बघितली! रोज रात्री मोबाइलवर व्हिडिओ. घडीची सुरी बाद, तिचा सांधा खिळखिळा होतो आणि आत माती जाते. पातं अखंड पाहिजे, थेट मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं! लांबी चार बोटं. त्याहून मोठी खाटकाला, लहान पेन्सिलीला. स्टीलला गंज नाही, पण दगडावर धार लवकर लागत नाही. साध्या लोखंडाला धार लागते, पण तेल पाजत बसा! गोंदियाच्या बाजारात दुकानदारानं विचारलं, "सब्जी के लिए चाहिए या मटन के लिए?"

"एकट्यानं लांब जाण्यासाठी," तिलक म्हणाला.

दुकानदारानं सगळ्या सुऱ्या उचलून आत ठेवल्या.

शेवटी आमगावच्या श्यामलाल लोहारानं ट्रकच्या कमानपट्ट्यातून त्याला हवी तशी सुरी घडवून दिली. काय सुरी होती! फक्त तिला म्यान नव्हतं. "म्यान चांभाराकडून करून घे जी," श्यामलाल म्हणाला. पण तिलकला कुठला धीर! दुसऱ्याच पहाटे गडी निघाला. आमगाव ओलांडेपर्यंत सुरीनं पिशवी फाडली, बिस्किटांचा पुडा फोडला आणि बदलायच्या पँटीला नको तिथं भोक पाडलं. मग तिलकनं डोकं चालवलं. शरबतासाठी आणलेलं एक लिंबू टोकाला खोचलं आणि सुरी हातातच धरली. मच्छर चावू नयेत म्हणून तोंडाला, गळ्याला, हातांना हळद-तेल चोपडलं. असा पिवळाधम्मक होऊन तो सालेकशाच्या अलीकडच्या एका टोलीवर, दहा-बारा घरांच्या वाडीवर, पोचला.

मोहाच्या झाडाखाली धनवंताबाई फुलं वेचत होती. तिनं वर बघितलं आणि टोपली सोडून दिली.

"अगे माय! नवरदेव!"

तिलकनं मागं वळून पाहिलं. मागं कोणीच नव्हतं.

आता आमच्याकडची रीत सांगायलाच हवी. हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात, तिच्या टोकाला लिंबू खोचतात आणि लग्न लागेपर्यंत त्याला एकटं सोडत नाहीत. घडीभरही नाही! गडी परसाकडे गेला तरी भाटवा, म्हणजे बहिणीचा नवरा, थोडं अंतर ठेवून उभा!

"हळद लागली अन् एकटा फिरून रायला? सोबतचे कुठी गेले?"

"सोबत कोणी नाही, बाई."

"घरी कोण आहे?"

"घरी बी कोणी नाही."

"पळून आला वो हा!" धनवंताबाईनं टोलीभर ऐकू जाईल असा निकाल दिला.

"नाही जी! हे कट्यार नाही. लांब चालासाठी सुरी आहे. पातं अखंड आहे, पाहा—"

"चालासाठी सुरी म्हणते! धाकानं डोस्कं फिरलं पोराचं!"

पोराचं! तिलकला कोणी पोरगा म्हटल्याला वर्ष झालं होतं. धावत आलेल्या बायांनी त्याला खाटेवर नेऊन बसवलं. दोघी दारात राहिल्या, एक पंख्यानं वारा घालू लागली. भात आला, वरण आलं, कैरीची चटणी आली. "खाय बाबू, लाजू नोको." तिलकनं आणखी एकदा खरं सांगून पाहिलं, पण तोंडात घास होता. त्यानंतर त्यानं फारसा जोर लावला नाही. खरं सांगायचं तर त्याला फार बरं वाटत होतं. भात संपायच्या आत कोणीतरी पुन्हा वाढत होतं, आणि आपण न विचारता कोणीतरी विचारत होतं, झोप झाली का, पाय दुखतात का, उन्हाचा काऊन निघाला!

"तुह्या माणसाचा नंबर लाव," धनवंताबाई म्हणाली.

तिलकनं बराच विचार केला आणि इंद्रकुमारचा लावला. बाईनं फोन हिसकावून घेतला.

"तुमचा नवरदेव सालेकशाच्या अलीकडं, आमच्या टोलीवर आहे! हळद लागलेला, कट्यार हातात! लवकर या!"

आणि काय सांगू तुम्हाला, ऊन उतरायच्या आत मिलची पिकअप गाडी अंगणात! सेठजी, फिटर, हमाल, सगळे! फिटरच्या मांडीवर रंगीत कागदात बांधलेला कुकर. इंद्रकुमारनं तर गाडीच्या फाळक्यावरून उडीच मारली.

"गद्दारा! लग्न करून रायला अन् मले सांगतलं नाही? मी कोण आहे तुहा?" त्याचे डोळे खरोखर भरून आले होते.

"गुडघा कसा आहे?" तिलकनं विचारलं.

"गुडघा गेला चुलीत! पोरगी कुठी आहे?"

तिलकनं सगळ्यांकडे एकदा डोळे भरून पाहिलं. एवढी माणसं त्याच्यासाठी आली होती! मग खाली मान घालून म्हणाला, "पोरगी नाही. सुरी आहे."

फिटरनं कुकर अंगणात खाली ठेवला.

"मतलब शादी नहीं है?" सेठजी ओरडले. "मैं मिल बंद करके आया हूँ!"

आली तशी गाडी भरली. फिटरनं कुकर आठवणीनं उचलला. इंद्रकुमार चढता चढता थांबला, तेव्हा तिलक त्याच्याजवळ गेला.

"आलाच आहेस तर चाल ना कचारगडले. आता जवळच आहे."

इंद्रकुमारनं रस्त्याकडे पाहिलं, तिलककडे पाहिलं, आणि हळूच गुडघा चोळला. "सकाळी तांदळाची गाडी भरायची आहे रे," तो म्हणाला आणि फाळका लावून घेतला.

धनवंताबाईनं पंखा भिंतीला अडकवला. "नवरदेव नाही तर मंग जा आता बाप्पा, मोहफूल पडून आहे." मात्र जाता जाता त्याच्या बाटलीत पाणी भरून दिलं.

तिलक निघाला. रानात कोणी नव्हतं. सुरी उत्तम होती. तिनं दोरी कापली, काटक्या छाटल्या, कैरी सोलली, एकदाही दगा दिला नाही. पण मुक्कामाला बसल्यावर ती काही "पाय दुखतात का" असं विचारीना. त्या रात्री तिलकला मायची फार आठवण आली.

सकाळी पुढच्या गावाची कौलं दिसू लागली. विहिरीवर बायांचा गलका ऐकू येत होता. तिलक झाडाआड थांबला. गालांना ताजी हळद चोपडली, पिशवीतलं नवं लिंबू काढून सुरीच्या टोकाला नीट खोचलं, आणि सरळ रस्ता सोडून विहिरीच्या अंगानं, कोणाचंही लक्ष जाईल इतक्या सावकाश चालायला लागला.