सात नावांची चौकट

लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं आणि शिवप्रिया स्वतःच्याच निमंत्रणाचं पान सजवत बसली होती. धाराशिवात घरी बसून ती लोकांच्या वेबसाइट बनवायची. मग आपलं पान कसं, ढगासारखं तरंगतं हवं. फिकट जांभळा रंग, वरती नवरदेवाचं, बसवेशचं नाव, त्याखाली तिचं आणि अगदी तळाला निमंत्रकांची चौकट. एकशे बारा नावं त्या चौकटीत बोटानं अलगद वर सरकायची. कडेची स्क्रोलची सरकपट्टी डोळ्यांत खुपत होती, म्हणून सीएसएसच्या, म्हणजे पानाच्या सजावटीच्या कोडच्या, एका ओळीत तिनं ती दिसेनाशी केली आणि चौकटीची उंची अशी बेतली, की बरोबर सात नावं दिसावीत. सरकणारी नावं पाहता पाहता ती थेट मांडवातच पोचायची. पुढं माणिकप्पामामा, त्यांचा हात धरून मागं ती.

पान सगळ्यांना गेलं आणि अर्ध्या तासात लोहाऱ्याहून मामांचा फोन आला, तोही आईला.

"शांताक्का, सातच मानसं धरली व्हय तुमी? पोरीला मांडवात आनायला आता दुसरा मामा बगा!"

"अरं, खाली सरकव की!"

"काय सरकवू? खाली कायबी न्हाय."

मामांशिवाय शिवप्रिया मांडवात पाऊल टाकणार नव्हती. तिनं घाईघाईनं उंची जराशी वाढवली. आठवं नाव अर्धं डोकावलं, की खाली आणखी आहेत हे कुणालाही कळेल. आठवे होते उमाशंकरकाका.

"माजं मुंडकंच तेवढं ठिवलं, धड कुठं हाय?" काका फोनवर कडाडले.

मग चौकट वाढतच गेली. तेविसावे मामा दिसले तेव्हा कुठं तिनं हात थांबवला आणि कडेला जाडजूड केशरी सरकपट्टीही लावून टाकली. दिवसभर कुणाचीच तक्रार आली नाही. संध्याकाळी मामांचा फोन आला, या वेळी तिलाच.

"दिसलं का मामा?"

"दिसलं. माजं हाय, काकाचं हाय, बसवेशचं बी हाय. तुजं कुठं हाय?"

तिनं पान उघडलं. तळाशी खिळवलेली चौकट वरच्या अंगानं वाढत गेली होती आणि तिच्याखाली नवरीचं नाव गडप झालं होतं. दिवसभरात सगळ्यांनी आपापलं नाव शोधलं होतं.

"चौकट कर ल्हान," मामा म्हणाले. "माजं दबू दे खाली. बोटानं सरकवलं की मी हाय, कळलं मला आता."

शिवप्रियानं चौकटीची उंची खाली ओढली. "मग येनार ना मामा?"

"नवरी सापडली की येतो."